प्रशिक्षण-प्रस्तावातील कर्ता

कारखान्यात अथवा शेतावर प्रशिक्षणवर्ग चालवावयाचा, तर खर्च करणाऱ्यापुढे प्रस्ताव मांडावा लागतो. तो नामंजूर झाला, की दोष मालकाच्या कृपणतेस दिला जातो. आमच्या मते तो प्रथम प्रस्तावाच्या भाषेत शोधावयास हवा.

‘कामगारांना प्रशिक्षण देण्यात यावे, जेणेकरून क्षमतावृद्धी होईल’ ही या लेखनाची ठरीव रचना होय. येथे कामगार चतुर्थीत आहे, शिकविणारा अदृश्य आहे, आणि ‘क्षमतावृद्धी’ या भाववाचक नामातून कोणती कृती सुधारणार, हे कळत नाही. ‘खर्च’ हा शब्द खोडून ‘गुंतवणूक’ लिहिल्याने ही उणीव भरून निघत नाही.

जालन्याचे उदाहरण घेऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि पुढे जालना बियाण्यांसाठी प्रसिद्धीस आले. संकरित कापसाचे बी तयार करताना मादी वाणाची उमलू घातलेली कळी सायंकाळी नखाने सोलून पुंकेसर काढतात; दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर वाणाचे पराग लावतात. हे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात. नख खोल गेले, तर बोंड गळते. परागकोश मागे राहिला, तर स्वपरागणाने भेसळ होते. गळ काही दिवसांत दिसते. भेसळ मात्र ते बी पेरून घेतलेल्या परीक्षणात, कित्येक महिन्यांनी, उघडकीस येते. तोवर चूक कशी घडली हे सांगता येत नाही. शेतकऱ्याचा माल नाकारला जातो, मजूर स्त्री निष्काळजी ठरते, आणि प्रशिक्षणाचा प्रश्न निघतच नाही.

हा तुटलेला कार्यकारणसंबंध जोडून दाखविणे, हेच प्रस्तावाचे खरे कार्य. ‘प्रशिक्षित स्त्री कळीत परागकोश मागे ठेवीत नाही’ हे त्याचे मूलवाक्य असावे. त्यापुढे एका बाजूस नाकारलेल्या मालाचे मूल्य व दुसऱ्या बाजूस वर्गाच्या दिवसाच्या मजुरीसह सर्व खर्च मांडावा. न शिकविलेल्या गटाशी तुलनाही हवी. अन्यथा चांगल्या हंगामाचे श्रेय वर्गास जाईल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व परिणाम अशा मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. केवळ वर्ग आवडल्याचे अभिप्राय जोडणारा प्रस्ताव पहिल्याच पायरीवर थांबतो.

चूक झाली, की आपण ‘मजुराने चूक केली’ असे म्हणतो. तेथे मजूर निःसंशय कर्ता असतो. प्रशिक्षणाचा विषय निघताच तोच चतुर्थीत जातो. चुकीचा कर्ता ज्याला ठरवावयाचे, त्याला कौशल्याचाही कर्ता मानले पाहिजे. प्रस्तावाची भाषा सुधारावयाची ती याच कारणासाठी.