उसना सूर, पुसलेलं नाव

खोपोलीला लागून असलेल्या साजगावात कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारासाठी ती साऱ्या रायगडात नावाजलेली. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी इथं येत, अशी आख्यायिका या भागात सांगतात. त्याच तुकोबांच्या गाथेत सालोमालोवरचे अभंग आहेत. हा गृहस्थ तुकोबांचे अभंग उचलायचा, शेवटची नाममुद्रा काढायचा आणि तिथं स्वतःचं नाव घालून गायचा. आज कर्जत-खालापूरकडे हळदीला, वरातीला, मिरवणुकीला जे ‘मिक्स’ वाजतं, त्याची पारख करताना हा सालोमालो आठवल्याशिवाय राहत नाही.

मिक्स कसं बनतं ते आधी पाहू. एखादं जुनं कोळीगीत किंवा भीमगीत घ्यायचं. सॉफ्टवेअरवर गळा आणि वाद्यं वेगळी काढायची. लय वाढवायची, खाली किक आणि बेस भरायचा, मधे हलगीचा किंवा संबळाचा तुकडा फिरता ठेवायचा. मग सगळं क्षणभर थांबवून गाणं पुन्हा उसळेल अशी जागा, म्हणजे ‘ड्रॉप’, नेमकी बसवायची. बँजो पार्टीतला सॅम्पलिंग पॅड हेच काम उभ्या उभ्या करतो. काठी पडली की कधी ढोलकी उमटते, कधी ताशा, कधी शिट्टी. वाजवणाऱ्याचा हात खरा असतो, नाद मात्र कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेला असतो.

ही कला आहे का? माझ्या मते निःसंशय आहे. संगीताच्या वर्गाचं तोंडही न पाहिलेली मुलं एका संगणकावर लयीचा विचार करायला शिकली. हलगी आणि संबळ नव्या पिढीच्या कानात पुन्हा घुमू लागले, यात मिक्सवाल्यांचा वाटा मोठा आहे. पण सगळंच मिक्स सारख्या तोलाचं नाही. बहुतेक कोळीगीतांत सहा मात्रांचा झोका असतो. होडी हेलकावते ती त्या झोक्यात. जाणता मिक्सवाला तो झोका सांभाळून ठोका भरतो. घाईतला मिक्सवाला गाणं चार मात्रांच्या सरळ ठोक्यात कोंबतो, लय इतकी चढवतो की गळा चिरका होतो आणि शब्द गिळले जातात. शिवाय हलगीचा तोच तुकडा गावोगावच्या मिक्समध्ये ऐकू येतो. उसनं घेण्यापेक्षा हा आळस मला अधिक खटकतो.

उसनं घेणं आपल्याला नवं नाहीच. ‘मी डोलकर’ची शब्दकळा शान्ता शेळक्यांची, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. तरी त्या गाण्याचा बाज कोळीवाड्याचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ने 1882 मध्ये साकी, दिंडी, लावणी असा प्रचलित चालींचा ठेवा रंगभूमीवर आणला. 1916 च्या ‘संगीत स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी खयालाच्या बंदिशींवर पदं बांधली. या नाटकांच्या छापील प्रती उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असतो. उसनवारी उघड होती, म्हणून तिच्यात चोरी नव्हती.

मिक्समध्ये याच्या नेमकं उलट घडतं. गाण्याच्या मधोमध, कधी ऐन कडव्यात, मिक्सवाल्याच्या नावाचा पुकारा येतो. फाइलच्या नावातही तोच असतो. गायिका, संगीतकार, कवी, ज्याची हलगी कापून घेतली तो वादक, यांतलं कुणीच तिथं नसतं. सालोमालोने केलं ते याहून वेगळं नव्हतं.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते अमेरिकेत दिसलं. ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या 1969 च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमनने जेमतेम सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा पुढं हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. 2006 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्परही नव्हतं. दुसरं उदाहरण आपल्या बाजूचं. ‘ज्योती’ या 1981 च्या चित्रपटातलं लताबाईंचं गाणं ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 2002 च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये न विचारता वापरलं गेलं. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री करायला मनाई केली. पैशांचा वाद पुढचा. न्यायालयाने आधी नावाचा मान राखायला लावला.

आपला कायदाही काही अंशी समंजस आहे. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणं वाजवणं हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. पण तेच गाणं कापून-जोडून यूट्यूबवर चढवलं की हक्कदाराची परवानगी लागते, कारण ध्वनिमुद्रणावरचा हक्क 60 वर्षं टिकतो. पारंपरिक चाल सर्वांची असली तरी तिचं ध्वनिमुद्रण सर्वांचं नसतं. हा फरक मिक्स करणाऱ्या प्रत्येक मुलाला कळायला हवा. तो कुणी नीट समजावून सांगत नाही, ही आपली सामाजिक कसूर आहे.

तरीही ही कला सुधारेल ती कायद्याच्या धाकाने नव्हे, रिवाजाने. मिक्सच्या वर्णनात मूळ गाणं, गायक, संगीतकार आणि कवी यांची नावं लिहायला मिनिटभर पुरतं. हलगी-संबळाचे तुकडे आयते उचलण्यापेक्षा कर्जत-खालापूरच्या वादकांना बोलावून, मानधन देऊन नवे ध्वनिमुद्रित करावेत. त्याने वादकाचं घर चालेल आणि मिक्सलाही स्वतःचा बाज येईल. अशा मिक्सवर मिक्सवाल्याने आपलं नावही अभिमानाने पुकारावं, कारण ते तेव्हा इतरांच्या नावांशेजारी उभं असेल.