राज्यगीतातलं ऊन
देशोदेशीची गौरवगीतं पराक्रम सांगतात, गरिबी सहसा लपवतात. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’मध्ये मात्र दारिद्र्याचं ऊन आहे, घाम आहे. २०२३मध्ये राज्यगीत झालेल्या या गाण्याची खरी ताकद मला इथेच दिसते. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, ते ऐकताना हे ऊन ओळखीचं वाटतं. गाण्यातली गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, तरी दुष्काळी वर्षांत जिल्ह्यातली गावं टँकरची वाट पाहतात. माझा आक्षेप शेवटावर आहे. उन्हात राबणाऱ्याला गाणं अखेर दिल्लीच्या तख्ताची राखण सोपवतं. त्याच्या घोटभर पाण्याचं काय, हे विचारत नाही. राज्यगीताला उभं राहावंच, पण हा प्रश्न खाली बसवू नये.