हा कोणता किल्ला?

दिवाळी सरून महिने झाले, तरी एका गुणपत्रिकेचा राग माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. कोरेगावातल्या एका किल्ला स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. चहा झाला, नारळ झाला, हातात छापील कागद आला. शंभरापैकी चाळीस गुण हुबेहूबपणाला, वीस ऐतिहासिक माहितीला, वीस सजावटीला आणि वीस स्वच्छतेला. चिखलाच्या कलेत स्वच्छतेला वीस! कल्पनेला किती, असं विचारलं तर संयोजक हसले. "सर, कल्पनेचं काय, आपल्याला इतिहास पाहिजे."

हा इतिहास अचानक एवढा का पाहिजे झाला, ते उघड आहे. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे 11 महाराष्ट्रातले, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पेढे मीही वाटले. पण त्या यादीने अंगणातल्या किल्ल्याचं काय केलं, ते त्या दिवशी गल्लोगल्ली दिसलं. सातारा जिल्ह्यातला यादीत एकच, प्रतापगड. आम्ही पाहिलेले निम्मे किल्ले प्रतापगडच होते, आणि सगळे एकाच फोटोवरून केलेले. बुरूज त्याच कोनात, भगवा त्याच जागी. एक पाहिला की दुसरा पाहायचं कारण उरत नव्हतं.

अंगणातल्या किल्ल्याच्या कलेची आजची अवस्था सांगायची तर बरीचशी यादी एका दमात उरकता येते. बाजारात मिळणारा प्लॅस्टरचा तयार किल्ला: तो विकत घेणाऱ्याचा, करणाऱ्याचा नव्हे, त्यामुळे समीक्षेचा विषयच नाही. थर्माकोल, दिव्यांच्या माळा आणि स्पीकरवर पोवाडा लावलेला किल्ला: तो डोळे मिटूनच बरा वाटतो. मंडळातल्या मोठ्या माणसांनी मांडवात उभारलेला वीसफुटी किल्ला: ज्यांची ही कला, ती मुलं दोरीपलीकडे उभी. पुढे चला.

उरतो तो ज्याला नाव नसतं तो किल्ला. माझ्या मते आज या कलेत जे काही जिवंत आहे, ते सगळं या बिननावाच्या किल्ल्यात आहे.

त्या दिवशीचा सर्वांत चांगला किल्ला एका बोळात, नळाच्या कट्ट्याला टेकून उभा होता. करणारा सहावीतला. दगड-विटा रचून वर चिखलात बुडवलेली पोती, त्यावर अळीव आणि मोहरी पेरलेली. वसुबारसेच्या आधी पेरल्यामुळे पाडव्याला डोंगर हिरवागार झाला होता. शिखरं दोन, चंदन-वंदनसारखी शेजारी-शेजारी. पोटात एक अंधारी गुहा, आणि गुहेत पाणी. हे नांदगिरीच्या कल्याणगडावरून उचललेलं. तिथल्या गुहेत पाण्यातून चालत जावं लागतं, आणि पोरगं शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आलेलं. गंमत म्हणजे या सगळ्याच्या भोवती समुद्र. निळीचं पाणी भरलेली परात जमिनीत पुरून केलेला. कोरेगावाला समुद्र कुठला? तीळगंगेला पाणी असलं तरी आनंद. पण त्याच्या राज्याला समुद्र होता, कारण त्याच्या शत्रूकडे गलबतं होती.

तोफेशेजारी वाघ्या घेवड्याचे दाणे ढीग करून रचलेले. आमच्या तालुक्याच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण त्या लाल रेघांच्या दाण्यांचे तोफगोळे होतात हे त्या पोराआधी कुणाला दिसलं नव्हतं. पायथ्याच्या शेतात बेंदराचे मातीचे बैल, एकाचं शिंग मोडलेलं. मावळ्यापेक्षा बैल दुप्पट. गडावरची गवळण दरवाजापेक्षा उंच. हे प्रमाण चुकलेलं नाही. ज्याचं महत्त्व जास्त ते मोठं, असा त्या राज्याचा कायदा होता.

माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी विचारलं, "हा कोणता किल्ला?"

"आमचाच."

"तसं नाही रे. नाव काय?"

पोरगं गप्प. कागदावर हुबेहूबपणापुढे शून्य पडलं. कशाशी हुबेहूब, हे मात्र कुणी सांगेना.

आम्ही वळणार तोच पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी आली. तिचाही किल्ला स्पर्धेत होता. ती उकिडवी बसली, मान वाकडी करून गुहेत डोकावली आणि म्हणाली, "पाणी कुठनं आणलंस रं?" त्याने पोतं उचलून दाखवलं. मागे कट्ट्यावर तेलाचा डबा, त्यातून सलाइनची नळी, नळीला गाठ मारून धार बारीक केलेली. ती म्हणाली, "गाठ सुटती की. चिमटा लाव, कपड्याचा." आणि गेली. संध्याकाळी मी मुद्दाम परत गेलो. नळीला चिमटा लागला होता, आणि पलीकडच्या गल्लीत तिच्या किल्ल्यावरून ओढा वाहायला लागला होता.

अख्ख्या दिवसात खरी समीक्षा झाली ती एवढीच, आणि खरं कौतुकही तेच. करणाऱ्याने करणाऱ्याचं कौतुक करायचं ते असंच. "छान", "लई भारी" हे पाहुण्याचे शब्द. ते फराळाच्या ताटालाही चालतात. करणारा विचारतो, "कसं केलंस?" या प्रश्नात आदर आहे, थोडी असूया आहे, आणि ही युक्ती मी घरी नेणार याची कबुलीही आहे. त्याला उत्तर मिळतं, उत्तरावर सुचवणी येते आणि दोन्ही राज्यांत पाणी वाहतं.

पोरांनी एकमेकांसाठी राज्यं उभारणं हे आपल्याकडेच आहे असं नाही. 1826 मध्ये इंग्लंडातल्या हॅवर्थ गावी एका पाद्र्याने मुलासाठी 12 लाकडी सैनिक आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन ब्राँटे या चार भावंडांनी एकेक सैनिक घेऊन त्याला नाव दिलं, आणि त्यातून ग्लास टाउन, अँग्रिया, गोंडल अशी राज्यं उभी राहिली, नकाशांसकट, इतिहासासकट. वाचक कोण, तर तीच चार. पुढे त्या घरातून जे साहित्य आलं ते जग वाचतं. त्या पाद्र्याने 'हुबेहूब सेनापती वेलिंग्टन करणाऱ्यास बक्षीस' लावलं असतं, तर घरात 12 वेलिंग्टन झाले असते आणि कादंबरी एकही नाही.

आमच्या स्पर्धांनी नेमकं हेच चालवलंय. परीक्षक येईपर्यंत किल्ल्यावर ताडपत्री टाकायची, हा आता रिवाज झालाय. का? तर शेजारचा बघून नक्कल करेल. विसंगती पाहा. फोटोतल्या प्रतापगडाची नक्कल केली तर चाळीस गुण, आणि शेजारच्या पोराची नळी बघून ओढा केला तर ती चोरी! अहो, ही कला पसरली ती अशाच चोरीतून. काडेपेटीचा दरवाजा, आरशाच्या तुकड्याचं तळं, रांगोळीची वाट हे काही कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं. घरोघर किल्ले पाहत हिंडलेल्या पोरांनी ते एकमेकांच्या अंगणातून उचललं. ताडपत्रीने पहिल्यांदा हे हिंडणं बंद केलं.

कुणी म्हणेल, प्रतिकृतीमुळे इतिहास कळतो. कळतो का? किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, हा आज्ञापत्रातला दंडक. फोटोवरून प्रतापगड करणाऱ्याला पाण्याचा विचारच करावा लागत नाही. फोटोत जे नाही ते त्याच्या किल्ल्यात नाही. बोळातल्या पोराने आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांचं नावही ऐकलं नसेल, पण त्याने आधी डबा शोधला, मग डोंगर रचला. दुर्गशास्त्र कुणाला कळलं? आणि हा मुलूख तरी कुठला? कोरेगाव-साताऱ्याच्या मधला जरंडा म्हणजे मारुतीच्या हातून निसटलेला द्रोणागिरीचा तुकडा, असं आजी नातवंडांना सांगते तो. समोरच्या डोंगराला जिथे असा जन्म मिळतो, तिथल्या पोरांना आम्ही फुटपट्टी देतोय.

एक शेवटचं. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेलं आहे. एवढी राजधानी, आणि बांधणाऱ्याचं नाव दगडात राहिलं. आमच्या स्पर्धेच्या फलकावर पाच पुढाऱ्यांचे फोटो होते, दोन दुकानांची नावं होती. पोरांची नावं नव्हती. त्यांना क्रमांक दिले होते. बोळातला किल्ला क्रमांक 14.

म्हणून मंडळांना माझं सांगणं आहे. गुणपत्रिका फाडा. बक्षिसाच्या पैशांत टेम्पो ठरवा आणि किल्ले केलेल्या सगळ्या पोरांना पाडव्याला सगळे किल्ले दाखवून आणा. परीक्षक तीच, निकाल त्यांचे प्रश्न. प्रत्येक किल्ल्यापुढे पाटी लावा, करणाऱ्याच्या नावाची. आणि तुम्ही स्वतः बघायला गेलात, तर 'हा कोणता किल्ला' एवढं विचारू नका. खाली बसा, गुहेत डोकावा, आणि पाणी कुठून आणलं ते विचारा.