‘कोसला’तील अविश्वासार्ह निवेदक आणि कथनातून घडणारी ओळख

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वय २५ वर्षांचे होते. कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही तेवढ्याच वयाचा आहे. लेखक खानदेशातील सांगवीचा आणि शिक्षणासाठी पुण्यात आलेला, तर निवेदकाचा प्रवासही सांगवीहून पुण्याला आणि पुन्हा सांगवीला असा आहे. या साम्याचा परिणाम असा झाला, की पुणे, महाविद्यालय, प्राध्यापक आणि वडील यांच्याविषयी पांडुरंग जे जे बोलतो, ते एका पिढीची साक्ष म्हणून जसेच्या तसे स्वीकारले जाऊ लागले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तर निवेदक आणि लेखक यांतील अंतर बहुधा उरतच नाही. वास्तविक या कादंबरीचे मर्म त्या अंतरातच आहे.

वेन बूथ यांनी १९६१ मध्ये कादंबरीच्या वक्तृत्वतंत्राविषयीच्या आपल्या ग्रंथात निवेदकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उपस्थित केला. कलाकृतीतून सूचित होणाऱ्या मूल्यांशी ज्याचे बोलणे आणि वागणे जुळत नाही, तो निवेदक अविश्वासार्ह, ही त्यांची मांडणी होय. (मराठीत ‘अविश्वसनीय’ हा शब्दही वापरला जातो, परंतु त्यातून ‘अद्भुत’ असा भलताच अर्थ ध्वनित होतो.) असा निवेदक खोटेच बोलतो असे नाही. तो कमी सांगतो, चुकीचे मोजतो किंवा स्वतः सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ त्याला स्वतःला कळलेला नसतो. १८९० नंतर ‘करमणूक’मधून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मध्ये यमूच्या शब्दावर वाचकाचा पूर्ण विश्वास बसणे आवश्यक होते. तिच्या साक्षीवरच त्या कादंबरीचा सुधारणावादी हेतू उभा आहे. पांडुरंगाने मात्र आपल्या साक्षीचा पाया पहिल्यापासूनच पोखरून ठेवला आहे.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या त्याच्या दोन शब्दांची चर्चा शैलीची लकब म्हणून पुष्कळ झाली. अनुकरणही पुष्कळ झाले, आणि ते बहुतेक कंटाळवाणे होते. परंतु निवेदनाच्या दृष्टीने या शब्दांचे कार्य वेगळे आहे. स्वतःचे वयसुद्धा जो ‘उदाहरणार्थ’ म्हणून सांगतो, तो विधान करतानाच ते मागे घेत असतो. ‘वगैरे’ म्हटले की सांगणे पुरे करण्याची जबाबदारी संपते. आपल्याला कोणत्याही शब्दात पकडता येऊ नये, अशी ही तजवीज आहे.

ही तजवीज सर्वत्र यशस्वी होत नाही. वडिलांविषयीच्या कटुतेचे उदाहरण घेता येईल. पांडुरंगाच्या मतानुसार वडील म्हणजे दडपशाही आणि व्यवहारीपणा. पण त्याच्याच निवेदनात घरचा पैसा पुण्याकडे वाहत राहतो, मेसचा कारभार, मित्रमंडळी आणि नसत्या उठाठेवी यांत तो संपतो आणि परीक्षांतील अपयशही घरच्यांच्याच पदरी पडते. तपशील त्याचे, निष्कर्षही त्याचे. तरी दोहोंचा मेळ बसत नाही. वडील निर्दोष ठरतात असे नव्हे. मात्र त्यांच्यावरील आरोपपत्र फिर्यादीनेच लिहिलेले आहे, याचे भान वाचकाने सोडता कामा नये.

अविश्वासार्हतेचे सर्वांत महत्त्वाचे स्थान मात्र काळाच्या मांडणीत आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. धाकटी बहीण मनी देवी येऊन मरण पावते, तेथे पांडुरंगाचा बेफिकिरीचा आव टिकत नाही, हे प्रत्येक वाचकाला जाणवते. सामान्यतः या प्रसंगाला कादंबरीतील वळण मानले जाते: आधीचा खेळकर पांडुरंग आणि नंतरचा विदीर्ण पांडुरंग. हे वाचन अपुरे आहे. सांगणारा पांडुरंग पहिल्या वाक्यापासूनच पंचविशीत उभा आहे. मनी गेली हे त्याला तेव्हाही ठाऊक आहे. वसतिगृहातील गमतीजमती तो सांगतो, त्या हे मरण माहीत असलेल्या माणसाच्या तोंडून येतात. अर्थात तेथील हसणे हे निरागस तरुणाचे हसणे नाही. पुढे काय सांगावे लागणार आहे हे जाणणाऱ्याने लांबवलेली ती वेळ आहे. पुन्हा वाचताना आरंभीचे ‘वगैरे’ म्हणूनच वेगळे ऐकू येते.

जेम्स फेलन यांनी २००७ मध्ये वाचकाला दूर लोटणारी आणि जवळ आणणारी अशी दोन प्रकारची अविश्वासार्हता सांगितली. पांडुरंगाची अविश्वासार्हता अर्थातच दुसऱ्या प्रकारची. तो लपवतो, म्हणूनच वाचक त्याच्याजवळ सरकतो.

पॉल रिकर यांच्या १९९० च्या ग्रंथातील विचार येथे उपयोगी पडतो. माणसाची ओळख म्हणजे केवळ तोच तो राहणे नव्हे. बदलत असतानाही दिलेल्या शब्दाला टिकून राहणे ही ओळखीची दुसरी बाजू, आणि या दोहोंना जोडते ते कथन. मुझिलच्या कादंबरीच्या निमित्ताने रिकर हेही दाखवतात, की नायकाची ओळख हरवली की कथेचा आकारही ढासळतो. ‘कोसला’ या कसोटीवर अर्धीच उतरते. आयुष्याची गोष्ट सांगून पांडुरंगाला ‘मी कोण’ याचे उत्तर मिळत नाही. गोष्ट संपते ती सांगवीत, म्हणजे जेथून त्याने ती सांगायला घेतली तेथेच. परंतु एकाही विधानाला बांधून न घेणारा हा निवेदक मनीच्या बाबतीत मात्र शब्द मागे घेत नाही. तेथे ‘उदाहरणार्थ’ म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही.