कवितेचे राखणदार

कवि गेला तरी त्याची कविता अमर राहते, हें वाक्य आपण सर्वांनीं शाळेपासून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याच्या खरेपणाविषयीं शंका घेणें म्हणजे अरसिकपणाच ठरावा. परंतु निरनिराळ्या देशांतील कवींचीं चरित्रें थोड्या बारकाईनें वाचणारास या वाक्यांत एक मोठी गफलत आढळून आल्याशिवाय राहणार नाहीं. कविता केवळ स्वतःच्या बळावर टिकत नाहीं. तिला कोणीतरी राखावें लागतें. हें राखणारें माणूस बहुधा कवीची बहीण असते, पत्नी असते, पुत्र असतो किंवा जुना स्नेही असतो. चरित्रकार कवीच्या मृत्यूबरोबर आपलें पुस्तक मिटतो. वस्तुतः पुष्कळ वेळां त्याच्या कवितेची खरी कथा तेथूनच सुरू होते. अशा तीन कथा वाचकांपुढें ठेवून, राखणदाराचा धर्म कोणता याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली कथा एमिली डिकिन्सन हिची. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ॲम्हर्स्ट या लहानशा गांवीं ती १८३० सालीं जन्मली आणि १८८६ सालीं तेथेंच वारली. हयातींत तिच्या दहाएक कविता काय त्या छापल्या गेल्या, आणि त्याहि निनांवी. तिच्या पश्चात् धाकटी बहीण लॅव्हिनिया हिच्या हातीं हातानें शिवलेल्या चाळीस वह्या आणि पुष्कळसे सुटे कागद लागले. पुढें मोजदाद झाली ती जवळजवळ अठराशें कवितांची! एमिलीच्या इच्छेस मान देऊन तिला आलेलीं पत्रें लॅव्हिनियानें जाळून टाकलीं; कविता मात्र तिनें जाळल्या नाहींत, आणि त्या छापून निघाल्याच पाहिजेत असा ध्यास घेतला.

हें काम गांवांतील एका प्राध्यापकाची पत्नी मेबल लूमिस टॉड आणि टॉमस हिगिन्सन हे लेखक यांनीं अंगावर घेतलें. याच हिगिन्सन यांस एमिलीनें १८६२ सालीं आपण होऊन पत्र लिहून स्वतःच्या कवितांविषयीं मत विचारलें होतें. १८९० सालीं बोस्टन येथें निवडक कवितांचा पहिला संग्रह निघाला. तो वाचकांस आवडला व त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. परंतु नव्या सुनेला चारचौघांत नेण्यापूर्वीं सासूनें तिचा पदर सारखा करावा, त्याप्रमाणें संपादकांनीं या कवितांवर हात फिरविला होता. जेथें शीर्षक नव्हतें तेथें शीर्षक आलें, ढिलें यमक घट्ट झालें, कांहीं शब्द बदलले. आणि एमिलीच्या ओळींत ठायीं ठायीं येणाऱ्या आडव्या रेघांच्या जागीं व्याकरणशुद्ध विरामचिन्हें बसलीं.

या रेघा जाण्यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. आमच्या मतें पुष्कळच बिघडलें. एमिली डिकिन्सन ही ठरलेला विचार सुंदर शब्दांत सांगणारी कवयित्री नव्हे. ती मृत्यूविषयीं, ईश्वराविषयीं, दुःखाविषयीं लिहितां लिहितां विचार करते. तिची रेघ म्हणजे पाय पुढें टाकण्यापूर्वीं अंधारांत चाचपडणारा हात होय. तेथें स्वल्पविराम घातला कीं, अद्याप शोध चालू असलेला विचार मुक्कामीं पोंचल्यासारखा दिसूं लागतो. १९५५ सालीं टॉमस जॉन्सन यांनीं हस्तलिखितांवरून तिचे सर्व काव्य तीन खंडांत शक्य तितकें मूळाबरहुकूम छापलें, तेव्हां वाचकांस जी एमिली भेटली ती पासष्ट वर्षांपूर्वींच्या एमिलीहून अधिक खडबडीत आणि पुष्कळच मोठी होती. मध्यंतरीं आणखीहि एक अनर्थ घडला होता. जमिनीच्या एका तुकड्यावरून लॅव्हिनिया आणि टॉडबाई यांच्यांत १८९८ सालीं कोर्टकज्जा झाला व टॉडबाईंजवळचे कागद पेटींत बंद होऊन पडले. त्यांतील सहाशेंहून अधिक कवितांस १९४५ सालापर्यंत उजेड दिसला नाहीं. भांडण जमिनीचें, आणि कैद झाली ती कवितेस!

दुसरी कथा इंग्लंडांतील. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४–१८८९) यानें १८६८ सालीं जेझुइट पंथांत प्रवेश करतांना, काव्य हें आपल्या व्रताशीं विसंगत आहे असें मानून, आपल्या पूर्वींच्या कविता जाळल्या. सात वर्षें त्यानें काव्याचा जवळजवळ त्यागच केला होता. १८७५ सालीं ‘डॉइचलँड’ नांवाची आगबोट फुटून तींत पांच संन्यासिनी बुडाल्या, त्या निमित्तानें तो पुन्हा लिहूं लागला. परंतु त्या दीर्घ काव्यास त्याच्या पंथाच्याच मासिकानें जागा दिली नाहीं. त्याच्या कवितांच्या प्रति मित्रवर्य रॉबर्ट ब्रिजेस यांजकडे जमत गेल्या. हॉपकिन्स डब्लिन येथें चव्वेचाळीसाव्या वर्षीं वारला. त्यानंतर एकूणतीस वर्षांनीं, १९१८ सालीं, ब्रिजेस यांनीं त्याचा संग्रह प्रसिद्ध केला. तोपर्यंत ते स्वतः इंग्लंडचे राजकवि झाले होते. प्रति निघाल्या अवघ्या साडेसातशें, आणि दुसऱ्या आवृत्तीस १९३० साल उजाडावें लागलें. प्रस्तावनेंत ब्रिजेस यांनीं मित्राच्या दुर्बोधतेवर आणि विक्षिप्तपणावर बोट ठेवण्यास कमी केलें नाहीं.

ब्रिजेस यांस दोष देणें सोपें आहे. पण तें न्याय्य होईल काय? हॉपकिन्सची अक्षरगणनेस न जुमानतां आघातांवर चालणारी रचना १८९० च्या सुमाराच्या वाचकांपुढें ठेवली असती, तर तिची थट्टाच झाली असती, अशी त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. येथें एक चमत्कारिक पेंच उभा राहतो. तडजोड केली म्हणून डिकिन्सन वाचली गेली. तशी तडजोड करून लोकांपुढें नेली नाहीं म्हणून हॉपकिन्स कपाटांत राहिला. आतां रसिकानें कोणाची बाजू घ्यावी?

या पेंचाचें उत्तर आम्हांस तिसऱ्या कथेंत सांपडतें. ती रशियांतील आहे. ओसिप मांडेलश्टाम यानें नोव्हेंबर १९३३ मध्यें स्टालिनवर एक उपरोधिक कविता रचली आणि ती मोजक्या मंडळींस म्हणून दाखविली. मे १९३४ मध्यें त्याला अटक झाली. १९३७ पर्यंत व्होरोनेझ येथें हद्दपारींत काढल्यावर १९३८ सालीं त्याला पुन्हा पकडण्यांत आलें, आणि त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला व्लादिवोस्तोकजवळच्या एका छावणींत तो मेला. त्याची पत्नी नादेझ्दा हिच्याजवळ त्याच्या कविता होत्या. परंतु कागद घरीं ठेवणें म्हणजे आपल्याच हातानें फांस विणणें होतें. तिनें नकला विश्वासू स्नेह्यांकडे लपविल्या, आणि त्यांचाहि भरंवसा नाहीं म्हणून सर्व कविता मुखोद्गत केल्या. सूतगिरणींत रात्रपाळी करतांना यंत्रांमधून फिरत ती त्या पुटपुटत असे. याच काळांत ॲना अख्मातोव्हा हिनें, मुलगा तुरुंगांत असतां, लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर रांगेंत उभ्या राहणाऱ्या बायकांच्या वतीनें ‘रेक्विएम’ हें काव्य रचलें. ती कागदाच्या कपट्यावर ओळी लिही, लीडिया चुकोव्स्काया त्या वाचून पाठ करी, आणि लगेच तो कपटा जाळला जाई. हें काव्य १९६३ सालीं म्युनिक येथें व खुद्द रशियांत १९८७ सालीं छापलें गेलें. मांडेलश्टामचा संग्रह त्याच्या देशांत १९७३ सालीं निघाला. नादेझ्दा तो पाहण्यास हयात होती. ती १९८० सालीं वारली.

पाठांतराची महती आपल्या लोकांस सांगावयास नको. परंतु या कथेवरून एक गोष्ट विशेष ध्यानांत येते. वृत्त आणि यमक हे कवितेचे केवळ दागिने, असें समजण्याची आजकाल रीत पडली आहे. जेथें कागद हाच पुरावा ठरतो, तेथें वृत्त ही कवितेची तिजोरी होते. मांडेलश्टाम चालतां चालतां, ओठ हलवीत कविता रचीत असे. ती प्रथम कानासाठीं जन्मली, म्हणूनच स्मृतींत तग धरूं शकली.

आतां वरील पेंचाकडे वळूं. नादेझ्दाच्या स्मरणांत जो पाठ होता त्याच्यामागें पुष्कळदां दुसरी प्रतच नव्हती. तिनें एखादा शब्द आपल्या आवडीप्रमाणें सुधारला असता, तर मूळ शब्द जगांतूनच नाहींसा झाला असता. यावरून राखणदाराच्या धर्माची कसोटी अशी ठरते: त्याच्या हातून जें घडेल तें पुढच्या पिढीस उलटवितां आलें पाहिजे. टॉडबाई आणि हिगिन्सन यांनीं छापतांना कविता बदलल्या. पण हस्तलिखितें राहिलीं, म्हणून १९५५ सालीं ती चूक दुरुस्त झाली. ब्रिजेस यांनीं विलंब लावला, पण प्रति जपल्या. विलंबहि अखेर संपला. उलट त्याच ब्रिजेस यांनीं हॉपकिन्सला लिहिलेलीं आपलीं पत्रें नष्ट केलीं, आणि लॅव्हिनियानें बहिणीस आलेलीं पत्रें जाळलीं. या दोन संवादांची एकेक बाजू आपणांस कायमची मुकी झाली आहे. सुधारलेलें पुन्हा मूळपदावर आणतां येतें, लपविलेलें शोधतां येतें. जाळलेल्याला मात्र इलाज नाहीं.

हा विचार आपल्यापासून दूरचा आहे असें कोणी समजूं नये. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना आणि घरकाम करतांना त्या जीं गाणीं गात, तीं त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनीं ऐकून टिपून ठेवलीं, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें बाहेर पडलीं. सोपानदेव स्वतः कवि होते, त्यांची लेखनभाषा नागर होती. तरीहि आईची बोली त्यांनीं छापील मराठीच्या सांच्यांत ओतली नाहीं. कवि असलेल्या मुलास हा मोह आवरणें किती कठीण गेलें असेल, याची कल्पना ज्यांनीं चार ओळी लिहिल्या आहेत त्यांसच येईल. जें टिपलें गेलें नाहीं, तें अर्थात् बहिणाबाईंबरोबरच गेलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर एखादी ट्रंक असेल. तींत आजीच्या ओव्यांची वही, चुलत्यांनीं तरुणपणीं लिहिलेल्या कविता, नाहींतर जुन्या पत्रांचा गठ्ठा असेल. त्यांत कोणी डिकिन्सन दडली आहे, असा आमचा दावा नाहीं. तें ठरविण्याचा अधिकार मात्र दिवाळीची साफसफाई करणाराचा नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. कागद नीट पुसून, ऊन दाखवून, कोणाचा व कोणत्या सालचा तें वर लिहून, एकहि अक्षर न बदलतां पुन्हा ट्रंकेंत ठेवावा. निवाडा पुढचे लोक करतील. त्यांच्यापुढें निवाडा करण्याजोगें कांहीं शिल्लक ठेवणें, हें आपलें काम.