समजावून सांगितलं, पण विचारलं का? पगारकपातीवरचा एक गाजलेला शोधनिबंध वाचताना

आमच्या विभागात दर शुक्रवारी जर्नल क्लब असतो. नियम साधा आहे. प्रत्येकाने वर्षातून एकदा स्वतःच्या विषयाबाहेरचा एक शोधनिबंध मांडायचा. मी वनस्पतिशास्त्रातली, त्यामुळे एरवी माझं आयुष्य कुंड्या आणि पानं मोजण्यात जातं. या वेळी मी मानसशास्त्रातला एक जुना, खूप वाचला गेलेला निबंध घेतला : जेरल्ड ग्रीनबर्ग यांचा, १९९० साली 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मध्ये आलेला. विषय पगारकपात आणि त्यामुळे कारखान्यात वाढणारी चोरी. निबंध निवडला तेव्हा तो मला फार आवडला होता. मांडायला उभी राहिले तोपर्यंत मत बरंच बदललं होतं. असं का झालं, ते आज सांगते. पीएच.डी.च्या मुलाखतीची किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना 'शोधनिबंधाचं चिकित्सक वाचन करा' असं सगळेच सांगतात. ते करायचं कसं, हे फारसं कोणी दाखवत नाही.

आधी निबंध काय म्हणतो ते नीट बघू. टीका करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडता आलं पाहिजे.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एकाच कंपनीचे तीन कारखाने होते. विमान आणि मोटार उद्योगांना लागणारे छोटे सुटे भाग तिथे बनत. दोन मोठी कंत्राटं हातची गेली. कामगारांना काढून टाकण्याऐवजी कंपनीने दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी सरसकट १५ टक्के पगार कापायचं ठरवलं. पहिल्या कारखान्यात कंपनीच्या अध्यक्षांनी सुमारे दीड तास बैठक घेतली. तक्ते दाखवले, कंपनीची अडचण सांगितली, पुन्हा पुन्हा दिलगिरी व्यक्त केली, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत विषय संपवला : कंत्राटं गेली, पगार कमी होणार, धन्यवाद. तिसऱ्या कारखान्यात कपात झालीच नाही. तो तुलनेसाठी. तिन्ही ठिकाणी मिळून १४३ कामगार : ५५, ३० आणि ५८.

मग कपातीच्या आधी, कपात चालू असताना आणि नंतर मालातली तूट मोजली. तूट म्हणजे हिशेबात असायला हवा होता पण सापडला नाही, असा माल. कपातीच्या काळात दोन्ही कारखान्यांत तूट वाढली. जिथे पंधरा मिनिटांत उरकलं तिथे ती कितीतरी जास्त वाढली. पगार पूर्ववत झाल्यावर तूटही खाली आली. निष्कर्ष असा की अन्याय झाल्याची भावना माणसाला हिशेब 'बरोबर' करायला लावते आणि नीट, माणुसकीने समजावून सांगितलं तर ही भावना कमी होते. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या समन्यायाच्या सिद्धान्ताला खऱ्या कारखान्यातून आधार मिळाला, तो असा.

निबंध सुंदर आहे, यात शंका नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना खोटे पैसे देऊन केलेला हा प्रयोग नाही. इथे खरी माणसं आहेत आणि त्यांचा खरा पगार आहे.

आता आक्षेप. पहिला आमच्या क्षेत्रातला कोणीही घेईल. समजा, माझ्याकडे तीन ग्रोथ चेंबर आहेत. एकात ५५ कुंड्या, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ५८. प्रत्येक चेंबरला एकच खत दिलं. माझा नमुना किती? १४३? नाही, ३. खत कुंडीला दिलेलं नाही, चेंबरला दिलंय. एका चेंबरचा पंखा बिघडला तर त्यातल्या सगळ्याच कुंड्या सुकतील आणि मी दोष खताला देईन. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. इथेही बैठक कारखान्याची झाली आणि तूटही कारखान्याचीच मोजली. दुसऱ्या कारखान्यातला फोरमन आधीपासूनच खडूस असेल तर? तो परिणाम बैठकीच्या खात्यावर जमा होणार. आधी-नंतरच्या मोजणीने ही शंका थोडी कमी होते, पूर्ण जात नाही.

दुसरा आक्षेप. दोन बैठकांत एकाच वेळी किती गोष्टी बदलल्या ते मोजा. वेळ, माहिती, दिलगिरी, बोलणाऱ्याचं पद. मग परिणाम नेमका कशाचा? इथे लेखकाला श्रेय द्यायला हवं. १९९३ साली त्यांनी स्वतःच प्रयोगशाळेत माहिती आणि सहानुभूती वेगळ्या करून पुन्हा अभ्यास केला. स्वतःच्या निबंधातली फट स्वतः बुजवायला जाणारा संशोधक आदराला पात्रच.

हे दोन्ही आक्षेप मी स्लाइडवर लिहिले होते. तिसरा मला सापडला तो लॅबमध्ये नाही, घरी जेवताना.

माझा आतेभाऊ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. जेवताना मी त्याला हा निबंध सांगत होते. ऐकता ऐकता तो हसला. म्हणाला, "अगं, आमच्याकडे झालंय हे. २०२० ला." तेव्हा त्याचा पगार १८,००० होता. लॉकडाऊननंतर कारखाना सुरू झाला, साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि २० टक्के कपात जाहीर केली. कागद नाही, सही नाही. दरमहा ३,६०० रुपये, सात महिने. म्हणजे २५,२००. पुढे पगार पूर्ववत झाला, कापलेलं परत मिळालं नाही.

"मग तुम्ही कोणी काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"साहेब चांगलं बोलले गं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

माझा दादा 'पहिल्या कारखान्यात' होता. त्याने स्क्रूसुद्धा घरी आणला नाही. मोटरसायकलचे दोन हप्ते थकले, आत्याने भिशीचे पैसे काढून दिले. ग्रीनबर्ग यांच्या मोजपट्टीवर त्याच्या कारखान्यात काय दिसलं असतं? फारसं काही नाही. तूट नाही, तक्रार नाही. प्रयोग यशस्वी!

इथे मला तो निबंध उलटा दिसायला लागला. त्याच्या शीर्षकात पगारकपातीची 'छुपी किंमत' असे शब्द आहेत. पण किंमत कोणाची? मालकाचा जो माल गेला ती किंमत. कामगाराचं काय गेलं? १५ टक्के, १० आठवडे. सरळ गुणाकार केला तर दीड आठवड्याची मजुरी. हा आकडा निबंधात परिणाम म्हणून येत नाही, प्रयोगाची सुरुवातीची स्थिती म्हणून येतो. माल कामगाराकडे गेला तर त्याला चोरी म्हणायचं, पैसा मालकाकडे राहिला तर त्याला कपात. कामगारांची चोरी योग्य होती, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतेय की एका बाजूची तूट अवलंबी चल झाली आणि दुसऱ्या बाजूची तूट पार्श्वभूमी झाली. ही निवड संशोधकाने केलेली आहे. निसर्गाने नव्हे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. दोन्ही कारखान्यांत कामगारांना विचारलं कोणीच नाही. एकीकडे छान सांगितलं, दुसरीकडे रुक्ष सांगितलं. निबंधच सांगतो की हे कामगार कुठल्याही युनियनमध्ये नव्हते. म्हणजे 'आम्हाला मान्य नाही' असं एकत्र म्हणायची सोयच नव्हती. खुलासा आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधाच्या रचनेत दुसऱ्या गोष्टीला रकानाच नाही.

हा काही माझा भावनिक मुद्दा नाही. कायदा हा फरक करतो. ब्रिटनमध्ये रिग्बी विरुद्ध फेरोडो या खटल्यात कंपनीने एकतर्फी पगार कापला होता. कामगार कामावर येत राहिला, पण कपात मान्य नसल्याचं त्याने सांगितलं होतं. १९८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की मूळ करार संपलेला नाही आणि फरकाची रक्कम कंपनी देणं लागते. नुसतं कामावर येत राहणं म्हणजे होकार नव्हे.

आपल्याकडे दादाच्या वेळी औद्योगिक विवाद कायदा, १९४७ लागू होता. त्याच्या कलम ९अ प्रमाणे वेतनासारख्या सेवाशर्तींत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद तिच्या कलम ४० मध्ये आहे. आता इथेही चिकित्सा करा. नोटीस म्हणजे संमती नाही. पण त्या २१ दिवसांत वाद उभा करता येतो, आणि समेटाची प्रक्रिया सुरू झाली की त्या वादाशी संबंधित शर्ती मालकाला परवानगीशिवाय कामगाराच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. शेडमधल्या भाषणाने नेमके हेच २१ दिवस गिळले.

दुसरा रस्ता वेतनाच्या दाव्याचा. तेव्हाच्या १९३६ च्या कायद्यात दाव्याची मुदत १२ महिने होती. दादाला हे २०२२ मध्ये कळलं. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर अर्ज घेतला जाऊ शकत होता, पण 'साहेब चांगलं बोलले होते' हे अर्जात कसं लिहायचं? आताच्या वेतन संहितेत ही मुदत ३ वर्षांची आहे. शिवाय वेतन पूर्ण दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम ५९ प्रमाणे मालकावर आहे. अर्थात मालक म्हणू शकतो, 'ही कपात नाहीच, हा नवा दर आहे, सगळ्यांनी मान्य केला होता.' मग वाद पुन्हा तिथेच येतो : मान्य केला होता, हे कशावरून?

म्हणून चांगल्या खुलाशाचा मला प्रश्न पडतो. खुलासा माणसाचा राग शांत करतो, हे ग्रीनबर्ग दाखवतात. पण राग शांत होतो तेव्हाच मुदतही सरत असते. व्यवस्थापनाच्या वर्गात या निबंधाचा धडा 'वाईट बातमी सहानुभूतीने द्या' असा होऊ शकतो. तो चूक नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा : सहानुभूतीने द्या, लेखी द्या, आणि नाही म्हणायची जागा ठेवा.

मग चांगला प्रयोग कसा झाला असता? दोन घटक घ्या : खुलासा चांगला की तोकडा, आणि संमती मागितली की नाही. चार गट. प्रत्येक गटात एक नाही, अनेक कारखाने. मोजायच्या गोष्टी तीन : मालकाची तूट, कामगाराच्या घरातलं कर्ज, आणि किती जणांनी लेखी हरकत घेतली. माझा अंदाज असा की 'चांगला खुलासा, संमती नाही' या गटात चोरी कमी दिसेल आणि हरकतीही कमी दिसतील. त्या शांततेला समाधान म्हणायचं की नाही, हे फक्त चारही गट शेजारी ठेवल्यावर कळेल. माझा अंदाज चुकूही शकतो. पण आज तो तपासायला त्या निबंधात जागा नाही.

जर्नल क्लबमध्ये हे मांडल्यावर आमचे एक सर म्हणाले, "हा निबंधाचा दोष नाही, तो त्याचा प्रश्नच नव्हता." बरोबर आहे. प्रत्येक निबंधाला सगळे प्रश्न विचारता येत नाहीत. पण कुठला प्रश्न विचारला नाही, हे नोंदवणं वाचकाचं काम आहे. विशेषतः ज्याची तूट मोजली गेली नाही, तो माणूस आपल्या जेवणाच्या ताटावर शेजारी बसलेला असेल तर.

आता तुमच्यासाठी दोन शब्द, कारण तुमच्यातले बरेच जण उद्या प्रोजेक्टवर रुजू होतील. फेलोशिप म्हणजे वेतन असेलच असं नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याखालचे 'कामगार' नाहीत असं ठरवलं होतं, तेव्हा कुठला कायदा आपल्याला लागू होतो हे गृहीत धरू नका. कोणताही लागू होवो, कागद मात्र लागतोच. नेमणुकीचं पत्र, मंजूर रकमेचा आदेश, दर महिन्याची पावती, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. 'या महिन्यापासून थोडं कमी येईल' असं कोणी केबिनमध्ये गोड शब्दांत सांगितलं, तर त्याच संध्याकाळी नम्र ईमेल करा : 'आज आपण असं सांगितलंत, कृपया लेखी कळवावं, तोपर्यंत माझी संमती गृहीत धरू नये.' भांडण नको, नोंद हवी. आपण लॅबवहीत तारीख घालून लिहितो ना, तसंच.

दादाला हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब वाईट नव्हते, हेही लिही." लिहिलं.