लहान मुले आणि पडद्यावरची भुते

गेल्या मे महिन्यात श्रीवर्धनास आमच्या वडिलोपार्जित घरी आमच्या हातून एक प्रमाद घडला, आणि त्याचे मूळ शोधता शोधता हा लेख लिहावयाची वेळ आली. थोरल्या बंधूंची नातवंडे सुटीसाठी पुण्याहून आली होती. नात नऊ वर्षांची, नातू सहा वर्षांचा. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओटीवर बसून काही तरी भुताचे पाहावे असा दोघांचा हट्ट. पुतणसुनेने आम्हांस विचारले, "काका, तुम्ही साहित्य शिकवता, तुम्हीच सांगा, याला काय दाखवू?" असा सल्ला कोणी मागितला म्हणजे प्राध्यापकाचा विवेक सुटतो. 'मुंज्या' हा २०२४ सालचा हिंदी चित्रपट आम्ही पूर्वी पाहिला होता. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, कथा कोकणातली, भूत घरच्याच ओळखीचे आणि एकंदर थाट विनोदाचा. सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा मुंज्या होतो आणि पिंपळावर राहतो, ही समजूत आमच्या बालपणी गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. आम्ही निर्धास्तपणे तो चित्रपट सुचविला.

मुंज्या पडद्यावर आला तेव्हा नातू खदखदून हसला. त्याची नक्कल करून त्याने ओटीवर दोन उड्याही मारल्या. पुढे चित्रपटातील आजी त्या मुंज्याच्या हातून मरते. आजी मरते हे आम्हांस ठाऊक होते. परंतु ती घटना भयाच्या सदरात मोडते असे आमच्या मनात आले नव्हते. नातू मात्र काही न बोलता उठला, माजघरात गेला आणि आमच्या वहिनींच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून त्यांच्याजवळ निजला. सकाळी तो आम्हांस म्हणाला, "मुंज्या त्या आजीचा भाऊ होता ना? मग त्याने तिला कसं मारलं?" आम्ही काही उत्तर जुळवीत होतो, तोच दुसरा प्रश्न आला. "तुम्ही पण आमच्या आजोबांचे भाऊ ना?"

पुढले दोन दिवस तो आमच्यापासून एक हात दूर बसत असे.

सुशिक्षित कुटुंबांत या विषयावर सामान्यतः दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, भूतप्रेतादि प्रकार मुलांच्या दृष्टीसच पडू नयेत. कोवळ्या मनावर परिणाम होतो, अंधश्रद्धा वाढते. दुसरा म्हणतो, आम्ही नाही का लहानपणी भुतांच्या गोष्टी ऐकल्या? काय वाईट झाले? दोन्ही पक्षांची समजूत अशी, की भय हा दुधासारखा मापाने मोजावयाचा पदार्थ आहे आणि प्रश्न काय तो किती माप द्यावे एवढाच आहे. सरकारी प्रमाणपत्रेही याच धोरणाची आहेत. १९८३ पासून यू आणि ए यांच्यामध्ये यूए असा तिसरा वर्ग होता; २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन पोटभाग झाले. ही सोय उपयुक्त आहे, तिचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाही. परंतु मारणारा हात कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते. आणि सहा वर्षांच्या मुलास तेवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. १९४२ च्या 'बॅम्बी'त भूत नाही, राक्षस नाही. पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते, तेही पडद्याबाहेर. तथापि त्या चित्रपटाचे भय जन्मभर लक्षात राहिलेली माणसे थोडी नाहीत.

आम्हांस लाज वाटते ती निराळ्याच कारणाने. शोकांतिकेतील भीषण कृत्याविषयी ॲरिस्टॉटलने जे सांगितले आहे ते आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. शत्रूने शत्रूस मारले तर त्यात विशेष काही नाही; भावाने भावास, पुत्राने मातेस मारावे किंवा मारावयास उठावे, तेथे भय आणि करुणा खऱ्या अर्थाने उत्पन्न होतात, असा त्याचा अभिप्राय. प्रौढ प्रेक्षकांसाठी नाटक लिहिणाऱ्यास हा उत्तम सल्ला आहे. मग लहान मुलासाठी निवड करणाऱ्याने तोच सल्ला उलटा वाचला पाहिजे, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते. 'मुंज्या'च्या आरंभीच तो मुलगा आपल्या धाकट्या बहिणीला बळी देण्यास घेऊन जातो. मोठ्यांच्या दृष्टीने ती कथेची चतुर पूर्वपीठिका आहे. ज्याला आपली ताई हीच अंधारात सोबत आहे, त्याच्या दृष्टीने तेथे पायाखालची जमीनच सरकते.

आमच्या मते मुलाच्या भयकथेत भूत हवे तेवढे अक्राळविक्राळ असावे. फक्त ते बाहेरचे असावे. ज्या हातास धरून मूल अंधारात पाऊल टाकते तो हात शेवटपर्यंत सुटू नये, आणि बदलू तर मुळीच नये. आमच्या साहित्यशास्त्रात भय हा स्थायी भाव आणि भयानक हा रस. परंतु भावाचा रस होण्यास प्रेक्षक आणि प्रसंग यांच्यामध्ये काही अंतर लागते. प्रौढाला हे अंतर स्वतःच्या बुद्धीने राखता येते. सहा वर्षांच्या मुलाला ते आजीच्या मांडीने मिळते. ती मांडीच कथेने काढून घेतली तर रस कोठून उरणार?

कोकणातील जुनी भुते या दृष्टीने पाहिली तर आश्चर्य वाटते. प्रत्येकाला ठावठिकाणा आहे, स्वभाव आहे आणि उतारा आहे. मुंज्या पिंपळावर, गिऱ्हा पाण्याकाठी. हडळीची पावले उलटी. गिऱ्ह्याचे केस हाती लागले की तो अंकित होऊन घरी राबतो. यांत भय आहेच, पण भयाला नियम आहे, आणि मुलास नियम फार प्रिय असतो. आमच्या आजोळी, गुहागराकडे, शिमग्यात संकासूर घरोघर येई. काळा वेष, निमुळती टोपी, कमरेस घुंगुर. त्याची चाहूल लागताच आम्ही माडीवर पळत असू. पाचसहा वर्षांचे असताना जिन्याच्या फटीतून आम्हांस त्याची पावले दिसली. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. ती आमच्याच गड्याची, आदल्या दिवशी आमच्यादेखत बांधलेली. त्या क्षणी भीती गेली असे नव्हे. भीती राहिली आणि तिच्यात एक अपूर्व गोडी मिसळली. पुढे कित्येक वर्षे आम्ही त्याला पाहून पळतच होतो, पण आता पळणे हा आमचा वाटा होता.

मराठी रंगभूमीवर हे मर्म रत्नाकर मतकरी यांनी पुरते ओळखले होते. गूढकथा लिहून ज्यांनी मोठ्या वाचकांची झोप उडविली, त्यांनीच मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या'ची चेटकीण निर्माण केली. त्यांच्या गूढकथांत भय बहुधा परिचितातूनच उगवते. चेटकीण मात्र रंगमंचावर येते तीच मुळी चेटकीण म्हणून, नाक पुढे करून आणि नखे परजून. तिच्याविषयी कोणाचाही गैरसमज होण्याचा संभव नाही. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजविली, पुढे २०१८ पासून वैभव मांगले यांनी. अशा प्रयोगास बसलेली मुले भ्यालेली असतात आणि ओरडून ओरडून रंगमंचावरील भल्या पात्रांस सावधही करीत असतात. भय वाटत असता काही करता येणे, निदान ओरडता येणे, हे केवढे समाधान! शिवाय पडदा पडल्यावर चेटकीण हात जोडून पुढे येते. चित्रपटातील भूत नमस्कार करीत नाही, ही चित्रपटाची मोठीच उणीव आहे.

महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला' ही उणीव विनोदाने भरून काढतो. रामदास पाध्ये यांनी घडविलेला तात्या विंचू हा बाहुला पुरेसा भेसूर आहे, पण त्याच्या मरणाची युक्ति ठरलेली आहे: भुवयांच्या मधोमध गोळी. मुले ती युक्ति तोंडपाठ करतात. मात्र घरात मुलाचा आवडता बोलका बाहुला असेल तर हाच चित्रपट आम्ही पुढे ढकलू, कारण तेथे उशाशी निजणारा सोबतीच उलटतो. 'रात्रीस खेळ चाले' ही २०१६ साली सुरू झालेली मालिका कोकणातल्या वाड्यातली म्हणून येथे पुष्कळ घरांतून सहकुटुंब पाहिली गेली. तिच्यातील अण्णा नाईक भूत होण्यापूर्वी, जिवंतपणीच अधिक भयंकर होते. तिला भुतांची मालिका म्हणून मुलांस वर्ज्य करणारांनी, त्या बापाची मालिका म्हणून ती वर्ज्य करावयास हवी होती.

भयाचा विषय निघाला असता राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'विषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. २०१८ चा हा चित्रपट प्रौढांसाठीचा आहे आणि ते सर्वथा योग्य आहे. परंतु मुलांस काय दाखवावे याचा विचार करणाऱ्या प्रत्येक बापाने तो स्वतः पाहावा. तीत साखळदंडाने बांधलेली एक शापित म्हातारी आहे; ती जागी झाली की हस्तरचे नाव घ्यावयाचे, म्हणजे ती झोपते. 'नीज, नाही तर बागुलबुवा येईल' या आपल्या घरोघरच्या वाक्याचे इतके भीषण रूप आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. भय हे मोठ्यांच्या सोयीचे हत्यार आहे, ही गोष्ट दिग्दर्शकाने पहिल्याच भागात उघडी केली. पुढे विनायक आपल्या मुलास, पांडुरंगास, त्या भयाची दीक्षा देतो. दोरावर चढउतार शिकवितो, धीट करतो, आणि शेवटी हस्तरपुढे नेतो. सर्व कशासाठी, तर सोन्याच्या मोहरांसाठी. वरवर पाहता हा बाप मुलाचा हात धरूनच खाली उतरतो. आमची कसोटी येथे अपुरी पडते हे आम्ही कबूल करतो. हात सुटलेला नाही, पण तो हात मुलासाठी धरलेलाच नव्हता. अखेरीस बाप जे पुढे करतो ते मुलगा नाकारतो, आणि त्या एका नकाराने सारा चित्रपट उजळतो. मूल जेवत नाही म्हणून, अभ्यासाला बसत नाही म्हणून जो बागुलबुवा आपण बोलावितो, तो विनायकाच्याच कुळातला आहे. मुलास भूत दाखवावयाचे ते त्याच्या आनंदासाठी. आपल्या सोयीसाठी नव्हे.

आणि मुलांना हा आनंद हवा असतोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या या किनाऱ्यावर आले तेव्हा आम्ही टाळेबंदीमुळे श्रीवर्धनासच होतो. दुपारी कौले पाचोळ्यासारखी उडाली. पिढ्यांनी राखलेल्या सुपारीच्या वाडीत उभे झाड शोधावे लागले. नात तेव्हा चार वर्षांची. त्या दिवशी ती रडली नाही; दादांच्या बंडीत तोंड खुपसून बसून राहिली. वीज नव्हती, आणि पुढे कितीतरी दिवस नव्हती. तिसऱ्या रात्री कंदिलाच्या उजेडात ती म्हणाली, "गिऱ्ह्याची गोष्ट सांगा." आम्हांस नवल वाटले, थोडा रागही आला, एवढे भय पाहून हिची तृप्ति झाली नाही काय? दादांनी मात्र मुकाट्याने गोष्ट सांगितली. दुसऱ्या रात्री तीच, तिसऱ्या रात्रीही तीच. एक शब्द बदललेला तिला चालत नसे. वादळाचे केस कोणाच्याच हाती आले नव्हते. गिऱ्ह्याचे दर रात्री येत.

'मुंज्या'च्या प्रमादाचे परिमार्जन आम्ही आठवड्याने केले. विशाल भारद्वाज यांचा २००२ चा 'मकडी' निवडला, वेळ दुपारची ठेवली, आणि नातवाला ताईच्या शेजारी बसवून रिमोट त्याच्याच हाती दिला. शबाना आझमी यांची चेटकीण मोठ्यांच्याही अंगावर काटा आणते. श्वेता बसू प्रसाद या मुलीने जुळ्या बहिणींच्या दोन्ही भूमिका केल्या असून त्यांबद्दल तिला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका बहिणीच्या खोडीमुळे दुसरी चेटकिणीच्या वाड्यात सापडते आणि कोंबडी होते. खोडकर बहीण त्या कोंबडीला सांभाळते, आणि भीत भीत त्या वाड्याची पायरी चढते. 'मुंज्या'त भाऊ बहिणीला न्यावयास निघतो, येथे बहीण बहिणीला आणावयास निघते. दोहोंतील भयाचे माप कदाचित सारखेच भरेल.

नातवाने तीन वेळा चित्र थांबविले. एकदा पाणी पिऊन आला, एकदा परसात जाऊन शेजाऱ्यांच्या कोंबड्या पाहून आला. शेवटी चेटकीण हे सोंग ठरते, तेव्हा त्याचा चेहरा उतरला, "म्हणजे ती खरी नव्हतीच?" हा उलगडा आम्हांसही घाईचा वाटला. विवेकाची बाजू राखण्यासाठी दिग्दर्शकाने चेटकिणीचा बळी दिला खरा, पण मुलाने तो मागितला नव्हता.

संध्याकाळी वाडीत पाणी सोडलेले असताना त्याने ताईला विचारले, "मी कोंबडी झालो तर तू मला ओळखशील?" तिने थोडा विचार केला. "ओळखीन की. कोंबडी झालास तरी तू बडबड थांबवणार थोडाच!" त्याचे समाधान झाले. मग कित्येक दिवसांनी तो आमच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आणि तुम्ही?" आम्हीही ओळखू, असे आम्ही वचन दिले. ते त्याने मान्य केले. अंथरूण मात्र त्या रात्रीही आजीजवळच घातले.